फाइल सेव्ह करताच कोड का हलतो? स्वयंचलित मांडणी नेमकी कुठे थांबवावी

करआकारणीच्या एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये बारा टक्क्यांचा दर अठरा टक्के करायचा आहे. फाइल उघडायची, एक आकडा खोडून दुसरा लिहायचा आणि फाइल सेव्ह करायची. काम दोन मिनिटांचे. पण सेव्हची कळ दाबताच पडदा क्षणभर थरथरल्यासारखा होतो. एकेरी अवतरणचिन्हे दुहेरी होतात, लांब ओळी मोडून चार-चार ओळींत बसतात, डावीकडची मोकळी जागा चार अक्षरांवरून दोनवर येते. मग बदलांचा हिशेब ठेवणारी यंत्रणा सांगते की, या फाइलमधील तीनशे ओळी बदलल्या आहेत. लिहिणाऱ्याने मात्र एकाच ओळीला हात लावलेला असतो.

हे काम फॉर्मॅटर नावाच्या साधनाचे. कोड लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड, अर्थात व्हीएस कोड, किंवा तत्सम एडिटरमध्ये ते बहुधा एक्स्टेंशनच्या रूपाने बसवलेले असते आणि फाइल सेव्ह होण्याच्या क्षणी आपले काम उरकते. नवशिक्याला ते एडिटरचे बिघडणे वाटते. जाणकाराला त्याचे कारण माठीत असते. तरीही घाईच्या वेळी तोही वैतागतो आणि सगळीच सोय बंद करून मोकळा होतो. सुक्याबरोबर ओलेही जळावे, तसा हा प्रकार आहे. मांडणी कुठे थांबवायची आणि कुठे चालू ठेवायची, याचा निर्णय त्यामुळे थोडा समजून घेऊन करावा लागतो.

मांडणीचा आग्रह कशासाठी?

बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये कोड कसा मांडला आहे याच्याशी संगणकाला कर्तव्य नसते. दोन शब्दांत एक जागा सोडली काय किंवा दहा सोडल्या काय, अर्थ तोच राहतो. पायथनसारख्या भाषेत डावीकडच्या समासाला अर्थ असतो. पण तिथेही ओळ कुठे मोडावी, स्वल्पविरामानंतर किती जागा सोडावी हा लिहिणाऱ्याच्या मर्जीचा भाग. मांडणी असते ती वाचणाऱ्या माणसासाठी. आणि माणसे आली की मतभेद आले. टॅब वापरावा की स्पेस, महिरपी कंस त्याच ओळीवर उघडावा की पुढच्या, यांवर प्रोग्रामरांनी जेवढा वेळ वाद घातला आहे, तेवढ्यात कितीतरी कामे झाली असती.

गूगलने २००९ साली गो ही भाषा खुली केली, तेव्हा तिच्यासोबत गोफम्ट नावाचे मांडणीचे साधनही दिले. त्यात आवडीनिवडीला जवळजवळ वावच ठेवला नव्हता. सगळ्यांचा कोड एकसारखा दिसेल, मग तो कुणाला मनापासून आवडो वा न आवडो. ही कल्पना रुजली. जावास्क्रिप्टसाठी जेम्स लाँग यांनी २०१७ च्या आरंभी प्रीटियर आणले, तर पायथनसाठी लुकाश लांगा यांचे ब्लॅक २०१८ मध्ये आले. दोन्ही साधनांची वृत्ती हेडमास्तरांची आहे. प्रीटियर ओळ साधारण ८० अक्षरांत बसवू पाहते, ब्लॅक ८८ पर्यंत सवलत देते. त्यापलीकडे फारसे विचारू नये. ब्लॅकचा एक गुण मात्र आवर्जून सांगण्यासारखा आहे. मांडणी बदलल्यानंतर आधीच्या आणि नंतरच्या कोडची व्याकरणरचना सारखीच राहिली आहे ना, हे ते स्वतःच पडताळून पाहते.

या शिस्तीचे मोल किती, याचे एक उदाहरण फेब्रुवारी २०१४ मधले आहे. ॲपलच्या आयफोन आणि मॅक संगणकांतील सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही आज्ञा चुकून लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली आज्ञा तिच्या वरच्या अटीला बांधलेली होती. दुसरी कोणत्याच अटीखाली नव्हती, त्यामुळे ती दर वेळी अमलात येई आणि समोरच्या संकेतस्थळाची डिजिटल स्वाक्षरी तपासण्याचा टप्पाच वगळला जाई. डोळ्यांना मात्र ते कळत नव्हते. कारण दोन्ही ओळी सारखाच समास सोडून, एकाखाली एक नीट लिहिलेल्या होत्या आणि दोन्ही त्याच अटीखाली आहेत असा भास होत होता. ॲपलला तातडीने आयओएस ७.०.६ ही दुरुस्ती काढावी लागली. स्वयंचलित फॉर्मॅटरने ती दुसरी ओळ डावीकडे ओढली असती. ती कुणाच्या नजरेस पडलीच असती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण खोटा समास तरी टिकला नसता.

म्हणजे मांडणीचे साधन हे निव्वळ सौंदर्यप्रसाधन नव्हे. ते बंद करण्याची कारणेही तितकीच भक्कम असायला हवीत. तशी ती आहेत.

दुसऱ्याच्या कोडमध्ये हात घालताना

सर्वांत मोठे कारण म्हणजे दुसऱ्याचा कोड. आज जवळजवळ सगळे सामायिक काम गिट या प्रणालीवर चालते आणि गिट बदल दाखवते ते ओळींच्या हिशेबाने. एखाद्या ओळीत एक जागा वाढली तरी गिटच्या दृष्टीने जुनी ओळ गेली आणि नवी आली. कर दर बदलणाऱ्या त्या प्रोग्रामरने आपले काम तपासणीसाठी पाठवले, की तपासणाऱ्यासमोर तीनशे लाल आणि तेवढ्याच हिरव्या ओळी उभ्या राहतात. बाराचे अठरा झाले ती ओळ त्यांतच कुठेतरी असते. ती शोधण्याचा कंटाळा येतो, ‘मांडणीच बदललेली दिसते’ असे म्हणून तपासणारा मान्यता देतो. या वेळी काही बिघडत नाही. पण म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. पुढच्या वेळी त्याच गर्दीत बाराचे एकशे वीस झालेले असले, तरी ते तसेच निसटून जाते.

गिटला मोकळ्या जागांचे फरक दुर्लक्षिण्यास सांगता येते, गिटहबवर बदल पाहतानाही तशी सोय आहे. तिचा उपयोग ओळीच्या आत जागा वाढल्या-घटल्या असतील तेवढ्यापुरता. फॉर्मॅटरने एका ओळीच्या चार केल्या किंवा अवतरणचिन्हे बदलली, तर ही चाळणी कामाची नाही.

दुसरे नुकसान सावकाश कळते. ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा दिली की फाइलमधील प्रत्येक ओळ शेवटची कुणी, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी बदलली हे समजते. नाव दोषारोपाचे असले तरी तिचा खरा उपयोग इतिहास वाचण्याचा. सहा वर्षांपूर्वी एखादी विचित्र अट कुणी का घातली असेल, याचे उत्तर बहुधा त्या वेळच्या टिपणात सापडते. संपूर्ण फाइलची मांडणी एकदा बदलली की त्या सगळ्या ओळींवर एकाच माणसाचे नाव, एकच तारीख आणि ‘कर दर दुरुस्त केला’ एवढेच टिपण येते. जुनी नोंद नष्ट होत नाही, पण तिच्यापर्यंत पोहोचायला आणखी एक पायरी उतरावी लागते. बरेच जण तेवढे उतरत नाहीत.

खुल्या प्रकल्पांत योगदान देऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा फटका विशेष बसतो. लिनक्सच्या गाभ्याचा कोड आठ अक्षरांएवढ्या रुंद टॅबने समास सोडतो. तो त्या प्रकल्पाचा लेखी नियम आहे. चार किंवा दोन स्पेसची सवय लावलेल्या एडिटरमध्ये तिथली फाइल उघडून सेव्ह केली, तर एका शब्दाच्या दुरुस्तीचे गाठोडे होते. अशी दुरुस्ती सांभाळणारा माणूस ती परत पाठवतो, आणि ते योग्यच आहे. पहिल्याच प्रयत्नात काम परत आलेला विद्यार्थी मात्र आपल्याला कोड येत नाही असे समजून बसतो. खरे तर त्याची दुरुस्ती अचूक असू शकते.

मांडणीतच अर्थ असतो तेव्हा

काही कोडची मांडणी माणसाने हाताने, विचारपूर्वक केलेली असते. मराठी टंकलेखनाचा एखादा प्रोग्राम घ्या. त्यात क, ख, ग, घ, ङ ही पहिली ओळ, च-वर्गाची दुसरी, अशी पंचवीस व्यंजने पाच ओळींत आणि पाच स्तंभांत लिहिलेली आहेत. पाहणाऱ्याला वर्णमाला तत्काळ ओळखू येते. उभे पाहिले तर सगळी अनुनासिके एका स्तंभात दिसतात, आणि एखादे अक्षर सुटले असेल तर ती फट डोळ्यांत खुपते. ब्लॅक किंवा प्रीटियरला यातले काही ठाऊक नसते. पंचवीस घटकांची ही यादी एका ओळीत मावत नाही, तेव्हा ते प्रत्येक अक्षराला स्वतंत्र ओळ देऊन टाकतात. पाच ओळींचा चौकोन जाऊन पंचवीस ओळींचा खांब उभा राहतो. आकड्यांचे तक्ते, गणितातील सारण्या, बुद्धिबळाच्या पटाची मांडणी यांचेही असेच होते. (प्रत्येक वर्गाची वेगळी यादी करून त्या पाच याद्या मोठ्या यादीत ठेवल्या तर चौकोन टिकतो, पण तसे केल्याने कोडची रचनाच बदलते आणि ती बदलणे दर वेळी शक्य असते असे नाही.)

इथवर नुकसान वाचणाऱ्याचे. काही वेळा प्रोग्रामच बंद पडतो.

वेबपानांच्या साच्यांत हे हमखास घडते. पायथनवर चालणाऱ्या संकेतस्थळांमध्ये जिंजा या साच्यांच्या भाषेत दुहेरी महिरपी कंसांत नाव लिहिले की त्या जागी माहिती येऊन बसते. साच्याची फाइल एचटीएमएल म्हणूनच उघडली जाते. तिच्यातील जावास्क्रिप्टच्या भागात असे दुहेरी कंस आले, की एडिटरचा फॉर्मॅटर त्यांना जावास्क्रिप्टचे दोन सुटे कंस समजतो आणि त्यांच्यामध्ये जागा सोडतो किंवा त्यांना वेगवेगळ्या ओळींवर ठेवतो. जोडकंस सुटला की जिंजा तो ओळखत नाही आणि पान उघडत नाही. कोडमध्ये ‘काहीच बदल केलेला नसताना’ पान का पडले, हे शोधण्यात दुपार जाते.

विंडोजसाठी सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिणाऱ्यांचा अनुभव आणखी मासलेवाईक आहे. जाळ्यावरील संपर्कासाठी लागणारी ‘विनसॉक२’ ही शीर्षफाइल ‘विंडोज’ या शीर्षफाइलच्या आधी घ्यावी लागते. उलट घेतली तर ‘विंडोज’ आपल्यासोबत जुनी विनसॉक घेऊन येते आणि दोन्हींतील व्याख्यांची टक्कर होते. क्लँग-फॉर्मॅट हे साधन मात्र अशा ओळी रोमन वर्णानुक्रमाने लावते. त्या क्रमात डी हे अक्षर एसच्या आधी येत असल्याने ‘विंडोज’ वर जाते, ‘विनसॉक२’ खाली येते आणि कंपायलर चुकांचा पाढा वाचू लागतो. या साधनाची मूळची एलएलव्हीएम शैली वापरात असेल तर दोन ओळींमध्ये एक रिकामी ओळ सोडणे पुरते. ते त्यांना वेगळे गट मानते. एका रिकाम्या ओळीवर प्रोग्राम चालणे अवलंबून आहे, हे पुढच्या माणसासाठी शेजारी लिहून ठेवलेले बरे.

मराठी किंवा कोंकणी कविता संकेतस्थळावर टाकणाऱ्यांना भेडसावणारा प्रकार याहून साधा. मार्कडाउन या लेखनपद्धतीत ओळीच्या शेवटी दोन जागा सोडल्या की तिथे ओळ मोडते. त्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत. एडिटरमध्ये ओळीच्या टोकाच्या रिकाम्या जागा छाटण्याचा पर्याय चालू असेल, तर सेव्ह करताच त्या नाहीशा होतात आणि कडव्याच्या चार ओळी गद्यासारख्या सलग छापल्या जातात. जुन्या छापखान्यात कवितेची जुळणी कुणी परिच्छेदासारखी केली असती तर मुद्रितशोधकाने तिथल्या तिथे खूण केली असती. इथे चूक वाचकासमोर जाईपर्यंत कळत नाही, कारण एडिटरमध्ये ओळी सुट्याच दिसत राहतात. दोन जागांऐवजी ओळीच्या शेवटी उलटी तिरपी रेघ देण्याची मुभाही प्रचलित मार्कडाउनमध्ये आहे. ती डोळ्यांना दिसते आणि छाटली जात नाही. पण जुनी शेकडो पाने दोन जागांवर बेतलेली असतील, तर पर्याय बंद करणेच श्रेयस्कर.

बंद केले तरी बंद का होत नाही?

आता प्रत्यक्ष बटणांकडे. व्हीएस कोडमध्ये सेटिंग्ज उघडून शोधपट्टीत ‘फॉर्मॅट ऑन सेव्ह’ असे लिहिले की तो पर्याय समोर येतो. (हे शब्द, तसेच पुढे येणाऱ्या खुणा, अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या.) चौकटीतील बरोबरची खूण काढली की काम व्हायला हवे. बऱ्याचदा ते होत नाही.

वास्तविक ही सुविधा व्हीएस कोडमध्ये मुळात बंदच असते. ती चालू झाली असेल तर कुणीतरी चालू केली आहे. एखादा शिकवणीचा व्हिडिओ पाहताना स्वतः वापरणाऱ्यानेच ती केलेली असते आणि नंतर विसरलेला असतो. दुसरी शक्यता अशी की प्रकल्पासोबत आलेल्या ‘.व्हीएसकोड’ नावाच्या फोल्डरमध्ये सेटिंग्जची फाइल आहे आणि चमूने ती सर्वांसाठी ठरवली आहे. तिसरी शक्यता लवकर लक्षात येत नाही. काही भाषांची एक्स्टेंशन्स त्या भाषेपुरती ही सुविधा आपण होऊन चालू करतात. गो भाषेचे अधिकृत एक्स्टेंशन तसे करते.

या तिघांत कुणाचा शब्द चालतो, याला ठरलेला क्रम आहे. एडिटरच्या मूळ मूल्यांवर वापरणाऱ्याची वैयक्तिक सेटिंग मात करते आणि वैयक्तिक सेटिंगवर प्रकल्पाची. एवढे तर्काला धरून आहे. पण विशिष्ट भाषेसाठी दिलेली कोणतीही सेटिंग सर्वसाधारण सेटिंगच्या वर बसते, मग ती एक्स्टेंशनने दिलेली मूळ सेटिंग का असेना. परिणामी वैयक्तिक सेटिंग्जमध्ये फॉर्मॅट ऑन सेव्ह बंद असूनही गोची फाइल सेव्ह होताच मांडली जाते. घराचा मुख्य दिवा बंद केला तरी देवघरातला वेगळ्या तारेवर असल्याने जळतच राहावा, तसे ते आहे. उपाय एकच : त्या भाषेच्या नावाचा स्वतंत्र भाग करून तिथे हा पर्याय बंद करणे. कमांड पॅलेटमधून, म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा एकत्र दाबून, ‘कॉन्फिगर लँग्वेज स्पेसिफिक सेटिंग्ज’ ही आज्ञा निवडली की भाषांची यादी येते आणि योग्य तो भाग आपोआप तयार होतो.

एवढ्यानेही कोड हलत राहिला तर दोष फॉर्मॅटरचा नसण्याची शक्यता अधिक. पेस्ट करताना आणि टंकताना मांडणी करणारे दोन पर्याय वेगळे आहेत. ‘कोड ॲक्शन्स ऑन सेव्ह’ नावाची निराळी व्यवस्था न वापरलेले इम्पोर्ट काढते, उरलेल्यांचा क्रम लावते किंवा चुका दाखवणाऱ्या साधनाच्या सांगण्यावरून दुरुस्त्या करते. टोकाच्या रिकाम्या जागा छाटणारा ‘ट्रिम ट्रेलिंग व्हाइटस्पेस’ आणि फाइलच्या शेवटी रिकामी ओळ घालणारा पर्याय हेही फॉर्मॅटरपासून स्वतंत्र. एडिटरकॉन्फिग हे एक्स्टेंशन बसवलेले असेल तर त्याच्या फाइलमध्येही छाटणीची आज्ञा असू शकते. आणि एडिटरमध्ये सारे शांत असताना कमिट करतेवेळी कोड बदलत असेल, तर प्रकल्पात गिटचा हूक बसवलेला आहे असे समजावे. तो चमूचा निर्णय असतो. एकट्याने वळसा घालण्याऐवजी विचारलेले चांगले.

गरजेपुरतीच माघार

सर्वकाळ बंद करण्याची गरज खरे पाहता क्वचितच पडते. एखाद्याच वेळी परक्या फाइलमध्ये शब्द बदलायचा असेल तर ‘सेव्ह विदाउट फॉर्मॅटिंग’ ही आज्ञा आहे. कमांड पॅलेटमध्ये तिचे नाव शोधावे, किंवा कंट्रोल आणि के, त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस या कळा दाबाव्यात. त्या एका सेव्हपुरती मांडणी होत नाही, आणि सेव्हला जोडलेली छाटणीसारखी इतर कामेही होत नाहीत. सेटिंग जशीच्या तशी राहते. ही आज्ञा जितकी उपयोगाची, तितकी अपरिचित आहे.

दुसऱ्यांच्या प्रकल्पांवर नेहमी काम करणाऱ्यांसाठी ‘फॉर्मॅट ऑन सेव्ह मोड’ हा पर्याय पाहण्यासारखा. त्यात ‘मॉडिफिकेशन्स’ निवडले की गिटच्या हिशेबाने ज्या ओळी बदलल्या आहेत तेवढ्याच मांडल्या जातात. यासाठी फाइल गिटसारख्या प्रणालीत असावी लागते आणि निवडक भाग मांडण्याची क्षमता फॉर्मॅटरमध्ये असावी लागते. ती सगळ्यांत नसते. इंटेलिजे, पायचार्म या जेटब्रेन्सच्या एडिटरांत ‘ॲक्शन्स ऑन सेव्ह’ या भागात संपूर्ण फाइल की बदललेल्या ओळी, असा थेट प्रश्नच विचारला जातो.

एखाद्या प्रकल्पापुरते प्रीटियर नको असेल आणि तिथल्या सामायिक सेटिंग्जना हात लावायचा नसेल, तर एक्स्टेंशनच्या यादीत त्याच्या दातेरी चक्रावर क्लिक करून ‘डिसेबल (वर्कस्पेस)’ निवडावे. हा बदल त्या संगणकापुरता राहतो, सहकाऱ्यांकडे जात नाही. याउलट ‘.व्हीएसकोड’ फोल्डरमधील फाइल बदलून ती कमिट केली, तर सगळ्या चमूची मांडणी नकळत बंद होते. हा प्रकार टाळावा.

वर्णमालेच्या त्या चौकोनासाठी मात्र एडिटरची सेटिंग हे चुकीचे हत्यार आहे. तिथे कोडमध्येच खूण करावी. ब्लॅकसाठी हॅश चिन्हानंतर ‘एफएमटी: ऑफ’ असे लिहिले की तिथून पुढे ‘एफएमटी: ऑन’ येईपर्यंतचा भाग ते सोडून देते. प्रीटियरला ‘प्रीटियर-इग्नोर’ अशी टिप्पणी दिली की लगेच पुढची रचना तेवढी वगळली जाते. संपूर्ण फाइली वगळायच्या असतील तर त्यांची नावे ‘.प्रीटियरइग्नोर’ या फाइलमध्ये द्यावीत. क्लँग-फॉर्मॅटलाही ‘क्लँग-फॉर्मॅट ऑफ’ आणि ‘ऑन’ अशा टिप्पण्या कळतात. या मार्गाचा मोठा फायदा असा की खूण कोडसोबत फिरते. पणजीत लिहिलेला चौकोन पुण्यातल्या सहकाऱ्याच्या एडिटरमध्ये, त्याची सेटिंग काहीही असली तरी, चौकोनच राहतो. अशा खुणा चमूतील प्रत्येकाने आपापल्या आवडीसाठी पेरायला सुरुवात केली तर फॉर्मॅटर ठेवण्यात अर्थ उरत नाही, हेही खरे. चौकोनासाठी हरकत नसावी. ‘मला असेच आवडते’ एवढ्यासाठी असावी.

मांडणी होऊन गेली असेल तर

फाइल अजून उघडी असेल तर उपाय सोपा आहे. कंट्रोल आणि झेड दाबून मांडणी मागे घ्यावी आणि फाइल मांडणीविना सेव्ह करावी. ती बंद झाली असेल तर गिटची मदत घ्यावी लागते. ‘गिट ॲड’ला पी हा पर्याय जोडला की बदल तुकड्यातुकड्यांनी समोर येतात आणि हवा तो तुकडा निवडता येतो. व्हीएस कोडमध्येही निवडलेल्या ओळीच पुढे पाठवण्याची ‘स्टेज सिलेक्टेड रेंजेस’ ही सोय आहे. कर दराची ओळ तेवढी घ्यावी, बाकीचे सोडून द्यावे. फॉर्मॅटरने तीच ओळ मोडली असेल तर हे निवडणे किचकट होते. तेव्हा मूळ फाइल परत आणून आकडा पुन्हा बदललेला परवडतो.

आणि संपूर्ण प्रकल्पाची मांडणी खरोखरच बदलायची असेल, तर ती स्वतंत्र कमिटमध्ये करावी. तिच्यात अर्थाचा एकही बदल मिसळू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून अशा कमिटचा क्रमांक एका फाइलमध्ये नोंदवून ‘गिट ब्लेम’ला ती दुर्लक्षिण्यास सांगता येते. या फाइलला ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ असे नाव देऊन ती प्रकल्पाच्या मुळाशी ठेवली, की गिटहबही २०२२ पासून तिची दखल घेतो आणि ओळींचा जुना इतिहास पुन्हा मूळ लेखकांच्या नावाने दिसू लागतो. आपल्या संगणकावर मात्र ही फाइल कुठली, हे गिटच्या सेटिंगमध्ये प्रत्येकाला एकदा सांगावे लागते.